मधुमेह, दमा आणि नाकातील पॉलिप: शस्त्रक्रिया टाळण्याचाही हिशोब मांडावा लागतो

आपल्या आईंविषयी आपण विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ५८, मधुमेह १४ वर्षांपासून, दमा साधारण नऊ वर्षांपासून. दोन्ही नाकपुड्यांत पॉलिप (सुजलेल्या अस्तराचे लोंबणारे मऊ गोळे), तीन वर्षे वास येत नाही, रात्री तोंडाने श्वास घ्यावा लागतो. गेल्या वर्षभरात नाक आणि दमा यांसाठी पाच वेळा प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्या झाल्या, दर वेळी ३० मिलिग्रॅम, सात दिवस. सीटी स्कॅन पाहून कान-नाक-घसा तज्ज्ञांनी दुर्बिणीतून शस्त्रक्रिया सुचवली आहे. नेहमीच्या फिजिशियनचे म्हणणे, तीन महिन्यांची साखर (एचबीए१सी) ८.९ टक्के असताना ऑपरेशनची जोखीम घेण्यापेक्षा नाकातला स्टेरॉइडचा फवारा आणि अधूनमधून गोळ्या यांवर चालले आहे ते चालू द्यावे. दोघेही जुने आणि विश्वासाचे डॉक्टर आहेत, मग ऐकावे कोणाचे?

गेली बावीस वर्षे मी नाकाच्या शस्त्रक्रियांचेच काम करतो आणि अशी कुटुंबे जवळजवळ रोज समोर बसतात. जुनाट आजार असलेल्या रुग्णात शस्त्रक्रियेची जोखीम सगळे मोजतात, ती टाळण्याची जोखीम मात्र कोणी मोजत नाही, कारण ती एका दिवशी एका टेबलावर घडत नाही. म्हणून आधी ती मोजू. ३० मिलिग्रॅम सात दिवस म्हणजे २१० मिलिग्रॅम, पाच वेळा म्हणजे १०५०. वर्षाला एक ग्रॅमहून अधिक स्टेरॉइड आईंच्या पोटात गेले आहे. दम्याच्या रुग्णांच्या मोठ्या पाहण्यांमध्ये गोळ्यांची आजवरची एकूण मात्रा अर्धा ते एक ग्रॅमच्या घरात पोहोचली की मधुमेह, हाडांचा ठिसूळपणा, मोतीबिंदू यांचे प्रमाण वाढू लागते असे दिसले आहे. नाकाच्या पॉलिपसाठी वर्षाकाठी एक किंवा दोन छोटे कोर्स, त्यापलीकडे नाही, अशी आजची साधारण रीत आहे.

आता आईंची साखरेची वही पुन्हा उघडून पाहावी. सकाळची उपाशीपोटीची साखर १३०-१३५ आहे असे आपण लिहिले आहे. तीन महिन्यांची साखर ८.९ याचा अर्थ सरासरी २०० च्या थोडी वर. मग उरलेली साखर कुठे लपली आहे? सकाळी घेतलेल्या प्रेडनिसोलोनचा परिणाम दुपारच्या जेवणानंतर चढतो, संध्याकाळी सर्वाधिक असतो आणि पहाटेपर्यंत ओसरतो. त्यामुळे उपाशीपोटीचा आकडा साळसूद दिसतो आणि संध्याकाळी पाच वाजता, जेव्हा कोणी बोट टोचून पाहत नाही, तेव्हा साखर ३०० च्या पुढे गेलेली असू शकते. जेवणानंतरची साखर एरवीही वाढलेली असू शकते, म्हणून सगळा दोष गोळ्यांवर टाकता येणार नाही. तरीही ज्या साखरेकडे बोट दाखवून शस्त्रक्रिया लांबवली जात आहे, तिचा काही भाग शस्त्रक्रिया लांबवण्यासाठी दिलेल्या गोळ्यांनीच वाढवलेला असण्याची शक्यता मला बरीच वाटते. हे चक्र कुठेतरी तोडावे लागेल.

शस्त्रक्रियेकडून काय मिळते आणि काय मिळत नाही, हे त्यानंतर समजून घ्यावे. आपल्याकडे पॉलिपला सर्रास ‘नाकात मांस वाढलंय’ म्हणतात, त्यामुळे काही जण कर्करोगाच्या भीतीने येतात, तर काही ते एकदा कापून टाकले की संपले अशा समजुतीने. प्रत्यक्षात ते मांस नसते. सायनसच्या, म्हणजे नाकाभोवतीच्या हाडांतील पोकळ्यांच्या, आतल्या अस्तराला दीर्घकाळ सूज राहिली की ते पाणी धरून लोंबू लागते आणि दुर्बिणीतून सोललेल्या द्राक्षासारखे, फिकट आणि ओलसर दिसते. ही सूज आणि दम्याची सूज बहुतेक वेळा एकाच जातीची असते. नाकापासून फुप्फुसापर्यंत श्वासमार्गाचे अस्तर एकच आहे आणि ते वर एका नावाने, खाली दुसऱ्या नावाने आजारी पडते. द्राक्षे काढली तरी वेल तसाच राहतो.

मग काढायचे कशासाठी? औषधाला वाट मिळावी म्हणून. ऑस्ट्रियातील ग्राझ येथे मेसरक्लिंगर यांनी दुर्बिणीतून दाखवून दिले की सायनसचे अस्तर स्वतःचा स्राव ठरावीक दिशेनेच नैसर्गिक तोंडाकडे वाहून नेते, आणि खरा अडथळा त्या अरुंद तोंडाशी असतो. तोंड मोकळे करा, अस्तर शक्य तितके जपा, या विचारावर उभ्या राहिलेल्या शस्त्रक्रियेला अमेरिकेतील केनेडी यांनी १९८५ मध्ये ‘फंक्शनल एंडोस्कोपिक सायनस सर्जरी’ हे आज रूढ असलेले नाव दिले. त्यापूर्वी तारेच्या फासात पकडून पॉलिप ओढून काढत. दर दोन वर्षांनी मांस काढायला जाणाऱ्या आजोबांच्या आठवणी आजही रुग्ण सांगतात, त्या त्याच काळातल्या. बंद सायनसमध्ये फवारा जवळजवळ पोहोचतच नाही. तोंडे मोठी केल्यावर मिठाच्या पाण्याचे धावन (म्हणजे नाक धुणे) आणि त्यात मिसळलेले औषध थेट आत जाते. त्यामुळे चांगल्या झालेल्या शस्त्रक्रियेनंतर गोळ्यांचे कोर्स कमी होतात, वास निदान काही काळ परत येतो, आणि अनेकांचा दमाही आटोक्यात येतो. आईंच्या बाबतीत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो गोळ्या कमी होण्याचा लाभ.

हा लाभ कायमचा असेलच असे मात्र समजू नये. इंग्लंड आणि वेल्समधील तीन हजारांहून अधिक रुग्णांच्या पाहणीत पाच वर्षांत सुमारे १९ टक्के रुग्णांना पुन्हा शस्त्रक्रिया लागली. बेल्जियममधील गेंट येथे बारा वर्षे पाठपुरावा केलेल्या पॉलिपच्या रुग्णांत सुमारे ७९ टक्क्यांमध्ये पॉलिप पुन्हा दिसले, आणि सुमारे ३७ टक्क्यांना दुसऱ्यांदा टेबलावर यावे लागले. दमा सोबत असलेल्यांची शक्यता त्यात वरच्या बाजूची. कोणी ‘एकदाच करू, पुन्हा त्रास नाही’ असे सांगत असेल, तर शांतपणे दुसरे मत घ्यावे.

शस्त्रक्रियेची तारीख ठरवण्याआधी नाकाची औषधे खरोखर नीट झाली आहेत का, हे मी तपासतो. ‘फवारा करून पाहिला, फरक नाही’ म्हणणाऱ्या रुग्णाला मी समोरच फवारा मारायला सांगतो. मान मागे टाकून, नळी नाकाच्या मधल्या पडद्याकडे रोखून, जोरात हुंगून ते औषध घशात उतरवतात आणि वर कडू लागले म्हणून तोंड वाकडे करतात. असे वर्षभर केले तरी पॉलिपला औषध लागत नाही, पडद्यातून रक्त मात्र येते. मान किंचित पुढे झुकवावी, उजव्या नाकपुडीसाठी डावा हात वापरावा, नळीचे टोक कानाच्या दिशेला रोखावे, आणि श्वास अगदी हलका घ्यावा. रोज, न चुकता, निदान आठ ते बारा आठवडे. मधुमेही रुग्ण ‘स्टेरॉइड’ हा शब्द बाटलीवर वाचूनच ती कपाटात ठेवून देतात. तशी गरज नाही. मोमेटासोन किंवा फ्लुटिकासोनचा फवारा रक्तात फार थोडा उतरतो, साधारण दोन टक्क्यांहूनही कमी, आणि साखरेवर त्याचा परिणाम नगण्य असतो. काचबिंदू असेल तर डोळ्यांचा दाब तपासत राहावा. एचआयव्हीच्या उपचारात रिटोनाविर असलेली औषधे चालू असतील, तर हेच फवारे शरीरात साठून गोळ्यांइतका त्रास देऊ शकतात. तिथे औषध बदलावे लागते आणि ते डॉक्टरांना आधी सांगावे लागते. याउलट सर्दीत नाक लगेच मोकळे करणारे झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब पाच-सात दिवसांपलीकडे वापरू नयेत. त्यांनी नाक पुढे अधिकच बंद होते आणि रक्तदाब असलेल्यांना ते तसेही बरे नव्हेत.

फवाऱ्याआधी नाक धुणे तितकेच महत्त्वाचे आहे. जलनेती आपल्याला नवी नाही, पण पाण्याची बाब हलक्यात घेऊ नये. नळाचे, टाकीचे किंवा घरगुती फिल्टरचे पाणी पिण्यास चांगले असले तरी निर्जंतुक नसते. २०११ मध्ये अमेरिकेतील लुइझियाना राज्यात नळाच्या पाण्याने नाक धुणारे दोन जण नेग्लेरिया नावाच्या अमिबाने मेंदूला संसर्ग होऊन दगावले. अशी घटना फारच दुर्मीळ, पण टाळण्यासाठी पाणी खळखळून उकळून झाकून कोमट होऊ देणे एवढेच पुरेसे आहे. एक लिटर पाण्यात नऊ ग्रॅम मीठ आणि चिमूटभर खायचा सोडा, प्रत्येक बाजूला साधारण एक पेला. बाटली आठवड्यातून एकदा तरी उकळत्या पाण्यातून काढावी किंवा वेळोवेळी बदलावी. वाफ घेण्याने बरे वाटते, पॉलिप मात्र विरघळत नाहीत. मधुमेहाने पायांची संवेदना कमी झालेल्या माणसाने मांडीवर पातेले घेऊन वाफ घेऊ नये, त्या भाजण्या मी पाहिल्या आहेत. एक आडचौकशीही करतो: आई दम्यासाठी कुठली बिनालेबलची पुडी घेतात का? ‘आयुर्वेदिकच आहे’ म्हणून मिळणाऱ्या काही भुकट्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळते. तसे असेल तर वरचा एक ग्रॅमचा हिशोबही अपुरा ठरेल.

आईंच्या दम्याची सुरुवात पन्नाशीच्या आसपास झाली, त्यात पॉलिप आणि गेलेला वास. हे तिन्ही एकत्र दिसले की माझा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: डोकेदुखी-अंगदुखीची गोळी घेतल्यावर तासा-दोन तासांत नाक गच्च होणे, डोळे लाल होणे, धाप लागणे असे कधी झाले का? अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या कुळातील औषधे काही दमेकऱ्यांना मुळीच चालत नाहीत. अशा रुग्णांत पॉलिप लवकर आणि जोमाने परततात. शस्त्रक्रियेनंतर वेदनेसाठी नेमके याच कुळातले इंजेक्शन सर्रास दिले जाते, म्हणून ही माहिती भूलतज्ज्ञांच्या कागदावर पहिल्या ओळीत असावी. उत्तर ‘हो’ असेल तर पॅरासिटामॉलवर भागवता येते. मात्र हृदयासाठी रोजची छोटी अ‍ॅस्पिरिन त्रासाशिवाय चालू असेल, तर स्वतःहून ती बंद करू नये.

सीटी स्कॅनबद्दलही थोडे. केवळ ‘सायनसमध्ये अस्तर जाड’ या एका ओळीवर कोणाचीही शस्त्रक्रिया होऊ नये. साधी सर्दी झाल्यावरही स्कॅनमध्ये तसे दिसते. अमेरिकेत स्वतःला सायनसची डोकेदुखी आहे असे मानणाऱ्या सुमारे तीन हजार लोकांच्या पाहणीत ८८ टक्क्यांची लक्षणे अर्धशिशीच्या जातीची निघाली. आईंना तीन महिन्यांपलीकडे बंद नाक, गेलेला वास, आणि दुर्बिणीत दिसलेले पॉलिप, हे सगळे असल्याने निदानाविषयी मला शंका नाही. रोग दोन्ही बाजूंना आहे हेही बरे. एकाच बाजूचा असता तर वरच्या दाढेचे मूळ, बुरशीचा गोळा किंवा गाठ यांचा विचार आधी करावा लागला असता, आणि तिथे जुना मधुमेह असला तरी शस्त्रक्रिया लांबवणे परवडत नाही.

आता तयारी. साखर नियंत्रणात आणून मग शस्त्रक्रिया, हा फिजिशियनचा आग्रह योग्य आहे. तीन महिन्यांची साखर आठ किंवा साडेआठच्या खाली असावी, ही मर्यादा अनेक ठिकाणी पाळली जाते. जास्त साखरेत जखम हळू भरते आणि जंतुसंसर्ग सहज होतो. मात्र हा आकडा खाली यायला दोन-तीन महिने लागतात, म्हणून मी दिवसातून चार वेळा घेतलेल्या साखरेच्या दोन आठवड्यांच्या नोंदी पाहतो. हवे तर फ्रुक्टोसामिनची चाचणी गेल्या दोन-तीन आठवड्यांचे चित्र दाखवते. पॉलिप आखडावेत म्हणून शस्त्रक्रियेआधी आठवडाभर प्रेडनिसोलोन देण्याची पद्धत आहे, त्याने रक्तस्राव कमी होतो आणि दिसते स्पष्ट. आईंना तो द्यायचा झाला तर तो शेवटचा मोजका कोर्स म्हणून, फिजिशियनने दुपार-संध्याकाळच्या इन्सुलिनची तजवीज केल्यानंतरच द्यावा. आणखी एक गोष्ट, जी शल्यचिकित्सकांच्याही नजरेतून निसटते: डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या कुळातील मधुमेहाच्या गोळ्या शस्त्रक्रियेच्या तीन दिवस आधी थांबवाव्या लागतात. त्या चालू असताना उपास घडला तर साखर जवळपास नेहमीसारखी दिसत असतानाही रक्तात आम्ल साठून रुग्ण गंभीर होऊ शकतो. मेटफॉर्मिन त्या दिवशी सकाळी सोडतात. कोणती गोळी कधी बंद आणि कधी सुरू, हे फिजिशियनकडून तारखेनिशी लिहून घ्यावे. वर्षात पाच कोर्स झाल्याने शरीराचे स्वतःचे स्टेरॉइड कमी पडण्याचीही शक्यता असते, तेव्हा भूलतज्ज्ञांना कोर्सच्या तारखा दाखवाव्यात. दम्याचा पंप शस्त्रक्रियेच्या सकाळीही घ्यायचा असतो. छातीत घरघर असेल त्या आठवड्यात मी तारीख पुढे ढकलतो.

टेबलावर डोके थोडे उंच ठेवणे, शिरेतून दिलेली भूल, नाकात अ‍ॅड्रेनॅलिनच्या पट्ट्या आणि ट्रॅनेक्सॅमिक आम्ल यांनी रक्तस्राव आटोक्यात राहतो. हृदय किंवा मूत्रपिंड कमकुवत असलेल्यांचा रक्तदाब मुद्दाम फार खाली नेता येत नाही, म्हणून त्यांच्यात मी सावकाश काम करतो, आणि दिसेनासे झाले तर थांबतो. अर्धवट ठेवलेली शस्त्रक्रिया पुन्हा करता येते. डोळ्याला किंवा मेंदूच्या तळाला इजा होण्यासारखी मोठी गुंतागुंत अनुभवी हातात एक टक्क्याच्या आसपास किंवा कमी असते. शून्य कोणाच्याच हातात नाही.

आपल्यासारख्या इतर कुटुंबांसाठी दोन-चार ओळी. हृदयाच्या रक्तवाहिनीत औषधी स्टेंट (औषध लावलेली जाळी) असेल तर नाकाची शस्त्रक्रिया साधारण सहा महिने, हृदयविकाराच्या झटक्यानंतर बसवला असेल तर वर्षभर थांबू शकते आणि थांबावी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या हृदयतज्ज्ञांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत. डायलिसिसच्या रुग्णांची तारीख डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी ठेवतात. संधिवातात मेथोट्रेक्सेट बहुधा चालूच ठेवतात, प्रतिकारशक्ती दाबणारी इंजेक्शने मात्र वेळ पाहून पुढे ढकलतात. नाकात सतत खपल्या, रक्त, आणि सोबत लघवीत किंवा फुप्फुसात दोष असेल, तर आधी रक्तवाहिन्यांच्या दाहाची तपासणी हवी. तो आजार पेटलेला असताना नाक कापले तर हानीच होते.

जैविक इंजेक्शनांविषयी, म्हणजे सुजेचे ठरावीक संदेश रोखणाऱ्या औषधांविषयी, आपण विचारले आहे. पॉलिपसाठी डुपिलुमॅबला अमेरिकेत २०१९ मध्ये मान्यता मिळाली. त्याने पॉलिप खरोखर आकसतात, वास परततो, दमाही सुधारतो आणि साखर वाढत नाही. मधुमेही दमेकऱ्यासाठी कागदावर हा सर्वांत सुबक उपाय आहे. पण इंजेक्शन दर दोन आठवड्यांनी घ्यावे लागते, बंद केले की आजार परत डोके वर काढतो, आणि हा खर्च बहुतेक घरांना वर्षानुवर्षे झेपणारा नाही. नीट शस्त्रक्रिया आणि धावन करूनही पॉलिप परतले, तर त्याचा विचार जरूर करावा.

या सगळ्यावरून माझे मत असे बनते की आईंची शस्त्रक्रिया करावी, पण या महिन्यात नव्हे. आधी आठ ते बारा आठवडे स्टेरॉइडच्या गोळ्यांविना, रोज दोन वेळा धावन, बरोबर पद्धतीने फवारा, साखरेची चार वेळांची नोंद, आणि दम्याच्या तज्ज्ञांकडून पंपाची फेरतपासणी. एवढ्यानेच नाक मोकळे झाले तर शस्त्रक्रियेची गरजच उरणार नाही, आणि ती शक्यता मी नाकारत नाही. तसे न झाल्यास तोवर त्या शस्त्रक्रियेसाठी आजच्यापेक्षा कितीतरी सुरक्षित झालेल्या असतील. त्या काळात धाप लागून गोळ्यांवाचून गत्यंतर उरले नाही, तर मात्र त्या घ्याव्यात. दम्याचा झटका अंगावर काढू नये.

घरात आणखी एक गोष्ट आधी ठरवावी लागेल. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या दीड महिन्यात तीन-चार वेळा दुर्बिणीतून खपल्या साफ कराव्या लागतात आणि धावन पुढे कायम चालते. पाणी उकळणे, मीठ मोजणे, बाटली भरणे हे आईंच्या हाताने होईल की कोणी करून द्यावे लागेल? धावन सुटलेल्या रुग्णाचे नाक वर्षभरात पुन्हा भरलेले मी पाहतो. तेव्हा ‘मी ऑपरेशन करून घेईन, पण नाकात पाणी घालणार नाही’ असे आई म्हणत असतील, तर मी शस्त्रक्रिया पुढे ढकलेन. आरोग्य विम्याची प्रतही काढून पाहावी. नाकाच्या अशा शस्त्रक्रियांना अनेक पॉलिसींत पहिली दोन वर्षे संरक्षण नसते.

शेवटचा मुद्दा वाट पाहण्याच्या काळातला. २०२१ च्या उन्हाळ्यात म्युकरमायकोसिसने (काळ्या बुरशीने) काय केले ते महाराष्ट्राने जवळून पाहिले आहे, आणि वाढलेली साखर व स्टेरॉइड ही जोडगोळी त्याच्या मुळाशी होती. चेहऱ्याची एक बाजू अचानक दुखू लागली किंवा बधिर झाली, पापणी सुजली, एकाचे दोन दिसू लागले, टाळूवर किंवा नाकात काळी खपली दिसली, किंवा चांगला दात अचानक हलू लागला, तर ठरलेल्या भेटीची वाट पाहू नये. त्याच दिवशी, रात्र असली तरी, कान-नाक-घसा आणि डोळ्यांचे तज्ज्ञ असलेल्या मोठ्या रुग्णालयात आईंना घेऊन जावे आणि दारातच सांगावे की मधुमेह आहे आणि वर्षभरात स्टेरॉइडचे पाच कोर्स झाले आहेत.